उराकामीची मंडळी : धर्मग्रामाचें मोल सांगणारा एक इतिहास



“देव सर्वत्र आहे, मग घरीं बसून प्रार्थना केली तर काय बिघडलें?” असा प्रश्न हल्लीं पुष्कळांच्या तोंडून ऐकूं येतो. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं त्याचें उत्तर वादानें न देतां इतिहासानें द्यावें, म्हणून जपान देशांतील एका मंडळीची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें. देश दूरचा खरा. परंतु आपल्या वसईचा एक सुपुत्र त्या हकीकतीच्या आरंभींच उभा आहे.

ते संत गोन्सालो गार्सिया होत. वसईंत जन्मलेले हे तरुण जपानांत गेले, तेथील भाषा शिकले, पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु झाले आणि संत पेद्रो बाप्तिस्ता ह्यांचे दुभाषी होऊन पुन्हां जपानांत आले. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस रक्तसाक्ष्यांस क्रुसावर चढवून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत हेही होते.

पुढें १६१४ सालीं सर्व देशभर ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. देवळें पाडलीं गेलीं. धर्मगुरूंपैकीं कित्येक हद्दपार झाले, कित्येक मारले गेले. १६४४ त कोनिशी मान्शो ह्या जपानी धर्मगुरूस देहदंड झाला. त्या देशांतील शेवटचे धर्मगुरु म्हणून इतिहास त्यांचेंच नांव घेतो. सामान्य जनांस प्रभूच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. जो कचरे, तो पकडला जाई. दोनशेंहून अधिक वर्षें मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्याच्या उशाशीं धर्मगुरु नाहीं. असें असतां श्रद्धा टिकली कशी?

ती टिकली, कारण तेथील ख्रिस्ती लोक एकेकटे राहिले नाहींत. नागासाकीजवळच्या उराकामी गांवांत त्यांनीं गुप्तपणें आपली मंडळी बांधून ठेविली. साऱ्या गांवाचा एक प्रमुख असे. सण, उपास व रविवार ह्यांची गणना ठेवणें हें त्याचें काम. प्रत्येक वाडीस बाप्तिस्मा देणारा एक जण नेमलेला असे. तिसरा घरोघर जाऊन निरोप पोंचवी. बाप मुलास प्रार्थना शिकवी, आणि हीं कामें एका पिढीनें दुसरीच्या हातीं दिलीं.

परकीयांस पुन्हां मोकळीक मिळाल्यावर फ्रेंच धर्मगुरूंनीं नागासाकींतील ओउरा येथें एक देऊळ बांधलें. १८६२ सालीं ज्यांस संतपद मिळालें होतें, त्या सव्वीस रक्तसाक्ष्यांसच तें अर्पण केलेलें होतें; म्हणजे त्यांत आपल्या संत गोन्सालोंचाही वांटा होता. ता. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामीचे कांहीं लोक त्या देवळाच्या दारीं आले. फादर पतिझाँ प्रार्थनेस बसले असतां एका स्त्रीनें हळूच सांगितलें कीं, आम्हां सर्वांचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे म्हणून विचारलें. सध्यां आमचा दुःखकाळ चालला असून आज त्याचा सतरावा दिवस आहे, असेंही त्यांनीं कळविलें. त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्चला होता. म्हणजे त्यांची गणना एका दिवसानेंही चुकली नव्हती! एकट्या माणसास हें साधतें ना. तो आजारी पडतो, विसरतो, मरतो. त्याच्याबरोबर त्याची गणनाही मरते. मंडळी मात्र स्मरण ठेविते.

कोणी म्हणेल, धर्मगुरूवांचून त्यांचें चाललें, तर आपलें कां चालूं नये? परंतु तें त्यांनीं सुखानें पत्करलेलें नव्हतें. धर्मगुरु दिसतांच ते जिवावर उदार होऊन त्यांच्याकडे धांवले. त्याचें मोलही त्यांनीं दिलें. १८६७ पासून पुन्हां छळ सुरू होऊन उराकामीच्या सुमारें ३,४०० लोकांस हद्दपार करण्यांत आलें; सहाशेंहून अधिक परत आले नाहींत. १८७३ त बंदी उठली. परतलेल्यांनीं, ज्या जागीं प्रतिमा तुडवावयास लावीत तीच गांवप्रमुखाच्या वाड्याची जागा विकत घेतली आणि तेथें देऊळ उभारिलें. उलट, जे गुप्त समुदाय महासभेपासून वेगळेच राहिले, त्यांच्या प्रार्थनांचे शब्द उरले, पण पुष्कळ ठिकाणीं अर्थ हरपला. म्हणून स्थानिक मंडळी हवी, आणि तिचें नातें सार्वत्रिक महासभेशीं जडलेलेंही हवें.

ता. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें तें देऊळ कोसळलें. सुमारें १२,००० धर्मग्रामस्थांपैकीं सुमारें ८,५०० मृत्यु पावले. तरी उरलेले पांगले नाहींत. १९५९ सालीं त्याच जागीं नवें देऊळ उभें राहिलें.

आपल्या पूर्वजांवरही कसोटीचा काळ आला होता. १७३९ त वसईचा किल्ला पडल्यावर पोर्तुगीज धर्मगुरु निघून गेले. पण लोक आपापल्या देवळांभोंवतीं राहिले, आणि गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंनीं त्यांस सांभाळिलें. त्या टिकून राहण्याचें फळ आज आपण भोगीत आहों.

तर बंधूंनो, ज्युबिली ही केवळ रोषणाईनें साजरी होत नाहीं. ज्यास देऊळ मोकळें आहे, त्यानें रविवारच्या मिस्सेस न जाणें म्हणजे उराकामीकरांनीं जिवानिशीं जपलेलें धन वाटेवर टाकणें होय. शेजारीं नवें कुटुंब राहावयास आलें असेल, तर त्यास आपल्याबरोबर देवळीं आणावें. जो आजारी आहे त्याचा निरोप धर्मगुरूंस पोंचवावा. मुलांस प्रार्थना आपल्याच तोंडून शिकवावी. हीं कामें लहान खरीं. पण ह्याच कामांवर एक मंडळी दोनशें वर्षें जगली.

संत गोन्सालो गार्सिया आपल्या धर्मग्रामासाठीं विनंति करोत.