कोंबड्यांच्या दाण्यांतील औषध

कोंबड्यांच्या दाण्यांत काय मिसळलें जातें, हा विषय वाङ्मयीन मासिकांत चर्चिण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका आमच्या कित्येक वाचकांस येईल. परंतु मनुष्यानें आपल्या एका मोठ्या शोधाची धार आपल्याच हातानें कशी बोथट केली, हा इतिहास पाहूं गेल्यास त्याचें एक टोंक खुराड्यांतच सांपडतें.

१९४८ च्या सुमारास अमेरिकेंतील लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेंत ज्यूक्स व स्टोकस्टॅड हे कोंबडीच्या पिलांस पोषक असा स्वस्त पदार्थ शोधीत होते. ऑरिओमायसीन तयार करून उरलेला चोथा घालतांच पिलें झपाट्यानें वाढूं लागलीं. हा गुण चोथ्यांतील जीवनसत्त्वाचा असावा, असा प्रथम समज झाला. पण खरें कारण त्यांत शिल्लक राहिलेलें औषधच होतें. आजाऱ्यास मोजून देण्याचें औषध धडधाकट पिलांस रोज मिळूं लागलें, आणि १९५१ सालीं अमेरिकन सरकारनें पशुवैद्याच्या चिठ्ठीवांचून तें घालण्यास मोकळीक दिली. त्याच सालीं, स्ट्रेप्टोमायसीन खाणाऱ्या टर्की पक्ष्यांच्या आंतड्यांत त्या औषधास दाद न देणारे जंतु आढळल्याचें प्रसिद्ध झालें. पण मांस स्वस्त होत असतां अशा वार्तेकडे लक्ष देण्यास फुरसत कोणास?

थोडथोडें औषध रोज पोटांत गेलें म्हणजे दुबळे जंतु मरतात, दणकट उरतात व त्यांचीच प्रजा वाढते, हें उघड आहे. त्याहून विलक्षण गोष्ट जपानी शास्त्रज्ञांनीं १९५९ च्या सुमारास दाखविली : दाद न देण्याचा हा गुण एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूस देऊं शकतो.

तरी कोंबडीचे जंतु कोंबडीपाशींच राहतात, असें म्हणणारे पुष्कळ होते. बोस्टनच्या स्टुअर्ट लेव्ही यांनीं तें शेतावर जाऊन पडताळून पाहिलें. आणि मौज अशी कीं, या प्रयोगास पैसा जनावरांचीं औषधें करणाऱ्यांच्या संघानेंच पुरविला होता! सुमारें तीनशें पिलांपैकीं निम्म्यांस टेट्रासायक्लीन वर्गांतील औषध मिसळलेला दाणा दिला. आठवड्याच्या आंत त्यांच्या आंतड्यांतील जवळजवळ सर्व जंतु त्या औषधास जुमानीनासे झाले. पांच-सहा महिन्यांत शेतावरील माणसांच्या मलाच्या शेंकडा ३१.३ नमुन्यांत पांचांतले चारांहून अधिक जंतु याच प्रकारचे निघाले. शेजाऱ्यांच्या बाबतींत हें प्रमाण शेंकडा ६.८ होतें. औषध खाल्लें कोंबडीनें, पालट झाला धन्याच्या पोटांत. तो दाणा बंद केल्यावर सहा महिन्यांनीं तपासलेल्या दहांपैकीं आठ माणसांत असे जंतु आढळले नाहींत, हेंही सांगणें न्याय्य होईल.

हें सर्व १९७६ सालीं छापून निघालें. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें दाण्यांतील पेनिसिलीन व टेट्रासायक्लीन यांवर निर्बंध सुचविले. प्रतिनिधिसभेनें ते अडवून धरले, आणि २०११ सालीं खात्यानें ती सूचना मुकाट्यानें मागें घेतली! मध्यंतरीं १९९५ पासून फ्लुओरोक्विनोलोन जातीचीं नवीं औषधें कोंबड्यांस देण्यास परवानगी मिळाली. मिनेसोटा प्रांतांत जुलाबाच्या रोग्यांतील कँपिलोबॅक्टर जंतूंपैकीं या औषधवर्गास न जुमानणाऱ्यांचें प्रमाण १९९२ सालीं शेंकडा १.३ होतें, तें १९९८ सालीं १०.२ झालें, परदेशप्रवास हेंही त्याचें एक कारण असल्याचें संशोधकांनीं नमूद केलें आहे. परवानगी रद्द व्हावयास २००५ साल उजाडलें. केवळ वाढीसाठीं मानवी उपयोगाचीं औषधें घालण्याची चाल तेथें २०१७ च्या आरंभीं बंद झाली.

आमच्या देशांत कोलिस्टिन हें औषध, जें इतर सर्व उपाय हरल्यावर डॉक्टर रोग्यास टोंचतात, तें कोंबड्यांच्या दाण्यांत वाढीसाठीं घातलें जात असे. केंद्र सरकारनें जुलै २०१९ मध्यें त्यावर बंदी घातली. ज्यूक्स यांच्या पिलांनंतर सुमारें सत्तर वर्षांनीं.