फाइलशोध (नाव व एक्स्टेन्शन यांवरून)
फोल्डरमधील हव्या तेवढ्याच फाइली प्रोग्रॅममधून निवडण्याची पद्धत. यासाठी नावाचा नमुना देतात: त्यात * म्हणजे कितीही अक्षरे, अगदी एकही नसले तरी चालते; ? म्हणजे नेमके एक. बेल प्रयोगशाळेतील युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत (१९७१) या कामाला ‘ग्लॉब’ हा स्वतंत्र प्रोग्रॅम होता. पायथॉनमधील मॉड्यूलने तेच नाव घेतले. आतले फोल्डरही धुंडाळायचे तर पायथॉनच्याच पाथलिब मॉड्यूलमधील ‘आरग्लॉब’ वापरतात. एक्स्टेन्शनमधील लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद लिनक्स पाळते, विंडोज सहसा नाही.

देवनागरी नावांबाबत अधिक जपावे लागते. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीचे नाव डोळ्यांना तीन अक्षरी दिसते. युनिकोडमध्ये मात्र मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजले जाऊन त्याचे आठ संकेतांक होतात. त्यामुळे पायथॉनमध्ये ‘???.पीडीएफ’ या नमुन्याने ‘मैंदर्गी.पीडीएफ’ सापडत नाही, आठ प्रश्नचिन्हे द्यावी लागतात. ‘ऱ’ तर एका संकेतांकात किंवा ‘र’ अधिक नुक्ता अशा दोहोंत साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधाला मात्र वेगळे. म्हणून मराठी नावे तपासण्याआधी नमुना व फाइलनाव दोन्ही युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या रूपात आणावीत.