खोटे, शुभा

(जन्म १९३७). हिंदी व मराठी चित्रपट, रंगभूमी आणि दूरचित्रवाणी यांवरील अभिनेत्री. ‘सीमा’ (१९५५) या चित्रपटाने त्या प्रकाशात आल्या आणि ‘डबल एक्सएल’ (२०२२) मध्येही आजीच्या भूमिकेत दिसल्या. विनोदी अभिनेत्री म्हणूनच त्यांचे नाव घेतले जाते. ते योग्यच, मात्र तेवढ्यावर थांबले की निम्मे काम नजरेआड होते.

घर नाटक-सिनेमावाल्यांचे. वडील नंदू खोटे जुन्या पिढीतील नट. दुर्गाबाई खोटे नात्याने चुलती. धाकटे बंधू विजू खोटे (१९४१–२०१९) ‘शोले’तील कालिया म्हणून देशभर ठाऊक झाले. शुभा यांचे शिक्षण मुंबईत सेंट तेरेसा शाळेत व विल्सन महाविद्यालयात झाले. शाळकरी वयात पोहणे आणि सायकल शर्यत या दोन्हींत त्यांनी महिला गटाची अजिंक्यपदे मिळवली. ‘सीमा’च्या वेळी ही सायकल कामी आली. अमिय चक्रवर्तींच्या या चित्रपटात नूतन व बलराज साहनी प्रमुख भूमिकांत असूनही आश्रमातली अवखळ पुतली प्रेक्षकांच्या लक्षात राहिली आणि तिचा सायकलवरचा पाठलाग तर विशेषच. पुढच्या साऱ्या विनोदात दिसणारी अंगाची चपळाई, धावता-धावता संवाद टाकण्याची हातोटी, ही मैदानावरची कमाई मानावी लागते.

सुरुवातीची वाट विनोदाची नव्हती. ‘पेइंग गेस्ट’ (१९५७) मधील चंचल पैशासाठी म्हाताऱ्या वकिलाशी लग्न करते आणि नंतर मैत्रिणीच्या संसारावर डोळा ठेवते. नूतन आणि देव आनंद यांच्या हलक्याफुलक्या प्रेमकथेत कडवटपणा येतो तो तिच्यामुळे. ‘दीदी’ (१९५९) मध्ये त्या सुनील दत्त यांच्यासमोर होत्या. साहिर लुधियानवींचे शब्द आणि सुधा मल्होत्रा व मुकेश यांचे स्वर असलेले या चित्रपटातील विरहाचे द्वंद्वगीत आजही रेडिओवर लागते. ते पडद्यावर शुभा खोटे यांच्यावर चित्रित झाले आहे, हे मात्र पुष्कळांना सांगावे लागते.

१९५९ सालच्या ‘छोटी बहन’पासून मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ हे त्रिकूट जमले. मद्रासच्या निर्मात्यांच्या कौटुंबिक चित्रपटांत मुख्य कथा रडवीत असे आणि तिला समांतर चालणारे विनोदी उपकथानक प्रेक्षकाला मोकळे करीत असे. ‘ससुराल’ (१९६१), ‘हमराही’ (१९६३), ‘जिद्दी’ (१९६४), ‘लव्ह इन टोकियो’ (१९६६) अशी ही मालिका चालली. साचा सहसा ठरलेला: मेहमूद प्रेमवीर, धुमाळ संशयी बाप आणि या दोघांच्या कात्रीत सापडलेली मुलगी. ‘लव्ह इन टोकियो’त मेहमूद जपानी गेशाच्या वेशात येऊन सासऱ्याला चकवतो. अशा प्रसंगात टाळ्या नक्कल करणाऱ्याला मिळतात. पण समोरची मुलगी ते सगळे खरे मानून घाबरली नाही, तर गंमत जागच्या जागी विझते. शुभा खोटे ते घाबरणे, ते रुसणे चोख करीत. विनोद करतो आहोत असे चेहऱ्यावर दिसू न देणे ही त्यांची खरी ताकद. मेहमूदच्या विनोदातला बराचसा भाग आज ताणलेला वाटतो, त्यांचा मात्र तितका वाटत नाही. ‘घराना’ आणि ‘ससुराल’ या एकाच वर्षीच्या दोन चित्रपटांसाठी त्यांना फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्री विभागात नामांकने होती; पुरस्कार ‘छाया’साठी निरूपा रॉय यांना गेला.

पुढे मेहमूद स्वतःच चित्रपट चालवू लागले, त्यांच्यासमोर अरुणा इराणींसारख्या नव्या अभिनेत्री आल्या आणि त्रिकूट मागे पडले. दरम्यान शुभा यांनी ‘चिमुकला पाहुणा’ या मराठी चित्रपटाची निर्मिती व दिग्दर्शन केले. ‘गोलमाल’ (१९७९) मध्ये त्या भवानीशंकरांची बहीण कालिंदी झाल्या.

त्यांच्याविषयीचा समज मोडणारी भूमिका ‘एक दूजे के लिए’ (१९८१) मधील सपनाच्या आईची. के. बालचंदर यांनी एका विनोदी अभिनेत्रीला या जागी घेतले, ही निवड धाडसाची. आई सपनाचा प्रियकर वासू याचा फोटो जाळते. मुलगी ती राख चहात कालवून तिच्यादेखत पिऊन टाकते. रती अग्निहोत्रींचा हा प्रसंग सर्वांना आठवतो, पण त्याला धार येते ती समोरच्या आईमुळे. ती आक्रस्ताळी खलनायिका वाटत नाही. आपलेच खरे मानणारी, घरोघरी भेटणारी बाई वाटते आणि म्हणूनच तिची भीती वाटते. विनोदात कामी आलेला तो गंभीर चेहराच इथे उलट्या बाजूने वापरला आहे.

दूरचित्रवाणीवर त्यांना नवा प्रेक्षक मिळाला तो ‘जबान संभाल के’मुळे. ‘माइंड युअर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेवरून बेतलेली ही मालिका १९९३ मध्ये सुरू झाली. पंकज कपूर हिंदी शिकवणारे मास्तर आणि शुभा खोटे संस्थेच्या करारी प्रमुख लता दीक्षित. वर्गात विठ्ठल बापूराव पोटे म्हणून बसलेले विजू खोटे आणि विद्यार्थिनींत कन्या भावना बलसावर. खोटे घराण्याची निम्मी मंडळी एकाच सेटवर जमली होती. भावना यांनी ‘देख भाई देख’मध्येही विनोदी काम करून नाव मिळवले. अंधेरी-गोरेगावातले मालिकांचे काम पुढे मीरा रोड, नायगावपर्यंत पसरले, वाहिन्या वाढल्या, मालिका रोजच्या झाल्या. त्या नव्या व्यवस्थेतही शुभा खोटे यांना घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या भूमिका मिळत राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच लिखाणाने बेताच्या होत्या.