टेक्स्ट एडिटर कोणता निवडावा? आधी मराठी सेव्ह करून बघा

इंजिनिअरिंगला असताना मी गावातल्या वाचनालयासाठी पुस्तकांची यादी टाईप केली होती. दोन संध्याकाळ बसून, सगळी मराठीत. सेव्ह करताना एक सूचना आली, ती न वाचताच मी 'ओके' दाबलं. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली, तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! चूक माझीच होती. पण तेव्हापासून कुठलाही एडिटर घेताना मी आधी एकच गोष्ट तपासतो: यात माझं मराठी सुरक्षित राहतं का?

टेक्स्ट एडिटर म्हणजे काय?

वर्ड किंवा गुगल डॉक्स हे वर्ड प्रोसेसर आहेत. ते अक्षरांसोबत फॉन्ट, रंग, ठळकपणा अशी माहितीही साठवतात. टेक्स्ट एडिटर फक्त अक्षरं साठवतो, म्हणून कोड लिहायला तोच लागतो. वर्ड सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करतो. तोच कोड पायथनला दिला की एरर येते.

प्रश्नचिन्हं का आली?

कॉम्प्युटर अक्षरं नाही, आकडे साठवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे ठरवणारी पद्धत म्हणजे एन्कोडिंग. विंडोजवरच्या जुन्या 'अँसी' पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. त्यात सेव्ह केलं की प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं आणि त्या फाईलमधून मूळ मजकूर परत मिळत नाही. यूटीएफ-८ मध्ये मात्र मराठी, इंग्रजी, इमोजी सगळं मावतं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी ५ चिन्हं आहेत. प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १५.

कोणासाठी कोणता?

- नोटपॅड: विंडोजमध्ये आधीपासून असतो. छोट्या नोंदींना पुरेसा. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून नवी फाईल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह होते.
- नोटपॅड++: फक्त विंडोजसाठी, मोफत आणि हलका. जुन्या लॅपटॉपवरही छान चालतो. मेनूमध्येच एन्कोडिंग बदलता येतं.
- व्हीएस कोड: मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणला. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. कोड शिकायचा असेल तर माझा सल्ला हाच. मात्र आत ब्राउझरचं इंजिन असल्याने रॅम जास्त खातो. एन्कोडिंग खालच्या पट्टीवर दिसतं.
- व्हिम: १९९१ पासून आहे. पूर्ण कीबोर्डवर चालतो, सर्व्हरवर काम करताना हमखास भेटतो. शिकायला वेळ लागतो आणि बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं नीट दिसत नाहीत. अडकलात तर एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. सेव्ह न करता बाहेर!
- फोनवर: लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. अँड्रॉइडवर 'एकोड' हा ओपन सोर्स एडिटर आहे. टर्मक्समध्ये नॅनो किंवा व्हिम टाकता येतो.

दोन मिनिटांची परीक्षा

नव्या एडिटरमध्ये 'ज्ञानेश्वर, कऱ्हाड, ₹५००' एवढं टाईप करा. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, एडिटर बंद करा आणि फाईल दुसऱ्याच एखाद्या ॲपमध्ये उघडा. सगळं जसंच्या तसं दिसलं तर एडिटर पास. आणि सेव्ह करताना आलेली सूचना, प्लीज, वाचा.

शेवटचं म्हणजे, एडिटरवरून मित्रांशी भांडत बसू नका. गिटहबचा अ‍ॅटम एकेकाळी अनेकांचा लाडका होता. १५ डिसेंबर २०२२ ला तो प्रकल्प बंद झाला. पण त्यात लिहिलेल्या फाईली आजही कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात, कारण ते साधं टेक्स्ट आहे. एडिटर येतील-जातील, तुमची फाईल टिकली पाहिजे. माझी ती यादी मी पुन्हा पहिल्यापासून टाईप केली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.