मजकूर आणि पान : दोन्ही सुटे केव्हा झाले?

इ.स. १८०५. मिरजेत भगवद्गीता छापली गेली आणि त्याच वर्षी बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण. अक्षरे दोन्हीकडे देवनागरीच. ‘पहिले कोण’ या वादापेक्षा मला यातला दुसरा भेद महत्त्वाचा वाटतो. (१/८)

छापील गीतेची कल्पना मूळची नाना फडणविसांची. त्यासाठी पुण्यात एका तांबटाला खोदकाम शिकवले गेले. नानांनंतर तो मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि तेथे तांब्याच्या पत्र्यांवर गीता उलट्या अक्षरांत कोरली गेली. येथे मजकूर आणि पान ही एकच वस्तू. एक शब्द वाढवायचा तर पत्राच नवा घ्यावा लागणार. (२/८)

श्रीरामपूरला मात्र सुटे खिळे होते. पान छापून झाले की खिळे उकलून खणांत परत, आणि तेच उद्या दुसऱ्या मजकुराच्या सेवेस. (३/८)

मग सुटे खिळे लगेच जिंकले का? नाही. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांसाठी शेकडो खिळे पाडावे लागत. दगडासाठी एक सुरेख हस्ताक्षराचा लेखनिक पुरे. पंचांगातील रकाने तर त्यालाच अधिक सहज साधणार. शिळाछापाला मागासलेली पायरी समजणे मला पटत नाही. पोथीची आडवी, सुटी पाने तिने पुढे बराच काळ जिवंत ठेवली. तथापि पान कसे दिसावे हे तेथे लेखनिकाच्या हातीच राहिले. पुढे खुद्द गणपत कृष्णाजीही खिळ्यांकडे वळले. (४/८)

खिळ्यांच्या छापखान्यातील सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे गॅली. जुळारी लेखकाच्या हस्तलिखितावरून ओळी जुळवतो आणि त्या एका लांबट तबकात रचत जातो. मजकूर तयार, पान अद्याप नाही! याच टप्प्यावर प्रूफ निघते, मुद्रितशोधक खुणा करतो, लेखक एखादा परिच्छेद गाळतो. पाने बांधली जातात ती त्यानंतर. परिच्छेद गाळल्याने फर्मा मोडत नाही, कारण फर्मा अजून जन्मलेलाच नसतो. अनेकांनी मिळून एक ग्रंथ करणे या मधल्या जागेमुळे सुकर झाले. (५/८)

आपल्या विदर्भाशी जोडलेले उदाहरण श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे. कंपनी नागपूरची, छापखाना पुण्याचा, खंड २३. नोंदी लिहिणारे अनेक, क्रम मात्र अकारविल्हे. कोणती नोंद कोणत्या पानावर पडेल हे लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते. सूची पाने पक्की झाल्यावरच होते. (६/८)

आता उलटे वळण. संगणक आला आणि सुटलेली गाठ पुन्हा बसली. डीटीपीच्या जुन्या मराठी फाँटांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलाच जात नसे. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असे. तो फाँट नसेल तर फाइल उघडते, पण दिसते ती निरर्थक चिन्हांची रांग. म्हणजे पुन्हा मिरजेचा तांब्याचा पत्रा! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी पानाची मांडणी करणारी सॉफ्टवेअरे जुन्या फाँटांवर चालत राहिल्याने छपाईच्या व्यवसायात ते रुळायला फार वर्षे लागली. (७/८)

याची झळ बसते ती दिग्रससारख्या तालुक्याच्या गावांना. शाळांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, गावांचे इतिहास हे पुष्कळदा अशाच फाइलींत असतात. त्या शोधता येत नाहीत, उद्धृत करता येत नाहीत. परिवर्तक वापरले तरी रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा चुकतात, कारण जुन्या फाइलीत त्या डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेल्या असतात, उच्चाराच्या नव्हे. म्हणून छापील प्रतीशी ताडून पाहणे अटळ. तुमच्या घरी किंवा ओळखीच्या मुद्रकाकडे अशी सीडी असेल तर तीन गोष्टी एकत्र ठेवा : मूळ फाइल, तिचा फाँट आणि छापील प्रत. (८/८)