मतदानाच्या तोंडावर शांतता चर्चा का अडली? १९६८ चं अ‍ॅना शेनॉल्ट प्रकरण

३१ ऑक्टोबर १९६८. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाला पाच दिवस उरले होते. त्या रात्री राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टीव्हीवर आले आणि उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले पूर्ण थांबवत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. ६ नोव्हेंबरला, म्हणजे मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, पॅरिसमध्ये विस्तारित चर्चा सुरू होणार होती.

पण २ नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष न्गुयेन व्हॅन थियू यांनी सांगून टाकलं, की आम्ही चर्चेला येणार नाही. ज्यांच्या बाजूने अमेरिका लढत होती, त्यांनीच पाय मागे घेतला होता. असं का झालं?

तोवर काय घडलं होतं?

१९६८ साली व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून जास्त अमेरिकी सैनिक होते. जानेवारीच्या शेवटी कम्युनिस्ट फौजांनी दक्षिणेतल्या अनेक शहरांवर एकाच वेळी हल्ले केले. 'टेट'च्या या हल्ल्यांनंतर युद्ध आपण जिंकतोय यावरचा अमेरिकी लोकांचा विश्वास उडाला. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं सांगितलं आणि मे महिन्यात पॅरिसमध्ये बोलणी सुरू झाली.

ती लगेच अडली. उत्तर व्हिएतनामचं म्हणणं, आधी बॉम्बहल्ले थांबवा. अमेरिकेचं म्हणणं, बदल्यात काय देणार? ऑक्टोबरमध्ये तोडगा निघाला. अमेरिका हल्ले थांबवेल, उत्तर व्हिएतनाम दक्षिणेतल्या शहरांवर मारा करणार नाही आणि दक्षिण व्हिएतनामच्या सरकारसोबत चर्चेला बसेल. मात्र दक्षिणेतले कम्युनिस्ट बंडखोरही तिथे असणार होते. थियू यांना नेमकं हेच खटकत होतं.

निवडणुकीत काय पणाला लागलं होतं?

डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री, रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन. सप्टेंबरच्या शेवटी सर्वेक्षणांत हम्फ्री सुमारे १५ टक्क्यांनी मागे होते. ३० सप्टेंबरला त्यांनी बॉम्बहल्ले थांबवण्याची भूमिका घेतली आणि अंतर कमी होत गेलं. मतदानाआधी शांततेची बातमी आली असती, तर त्याचा फायदा थेट हम्फ्रींना होणार होता.

निक्सन यांना भीती होती ती हीच. जॉन्सन आपल्या पक्षासाठी ऐनवेळी डाव टाकणार, अशी त्यांची खात्री होती. जाहीरपणे मात्र आपण शांतता चर्चेत अडथळा आणणार नाही, असं ते सांगत होते.

अ‍ॅना शेनॉल्ट कोण होत्या?

चीनमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना शेनॉल्ट या दुसऱ्या महायुद्धात 'फ्लाइंग टायगर्स' या विमानदलामुळे गाजलेले जनरल क्लेअर शेनॉल्ट यांच्या पत्नी. पतीच्या निधनानंतर त्यांनी वॉशिंग्टनच्या राजकारणात आपलं वजन तयार केलं. रिपब्लिकन पक्षासाठी निधी गोळा करणाऱ्यांत त्यांचं नाव मोठं होतं आणि दक्षिण व्हिएतनामच्या सरकारशी त्यांची चांगली ओळख होती.

जुलै १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी निक्सन आणि दक्षिण व्हिएतनामचे अमेरिकेतले राजदूत बुई डिएम यांची भेट घडवून आणली. पुढे त्यांच्यामार्फत निरोप जात राहिले. निरोपाचा अर्थ साधा होता : थोडं थांबा, निक्सन आल्यावर तुम्हाला यापेक्षा चांगल्या अटी मिळतील.

जॉन्सन यांना कळलं, तरी ते गप्प का बसले?

अमेरिकी यंत्रणा दक्षिण व्हिएतनामच्या दूतावासाचे संदेश वाचत होत्या आणि एफबीआय त्यांचे फोन ऐकत होती. २ नोव्हेंबरला शेनॉल्ट यांनी राजदूतांना 'थांबून राहा, आपण जिंकणार आहोत' अशा आशयाचा निरोप दिल्याची नोंद एफबीआयने केली. त्याच रात्री जॉन्सन यांनी रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना फोन केला आणि हा सरळ देशद्रोह असल्याचं सुनावलं. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी स्वतः फोन करून आपला यात हात नसल्याचं सांगितलं.

तरीही जॉन्सन यांनी प्रकरण बाहेर काढलं नाही. ते उघड केलं असतं, तर मित्रदेशाच्या दूतावासावर पाळत असल्याची कबुली द्यावी लागली असती. शिवाय निक्सन यांनी स्वतः आदेश दिल्याचा पुरावा हातात नव्हता. आरोप करूनही ते निवडून आले, तर देश चालवायचा कसा, हा प्रश्न होताच. हम्फ्री यांना कल्पना होती, पण तेही बोलले नाहीत.

५ नोव्हेंबरला निक्सन जिंकले. त्यांना ४३.४ टक्के मतं मिळाली, हम्फ्री यांना ४२.७. फरक होता सुमारे पाच लाख मतांचा.

पुरावे बाहेर कसे आले?

जॉन्सन यांचे सल्लागार वॉल्ट रोस्टो यांनी यासंबंधीची कागदपत्रं एका पाकिटात बंद केली. १९७३ मध्ये ती ५० वर्षं न उघडण्याच्या सूचनेसह जॉन्सन ग्रंथालयाकडे दिली. ग्रंथालयाने ती १९९४ मध्येच उघडली. डर्कसन यांच्याशी झालेल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण २००८ मध्ये खुलं झालं.

सगळ्यात महत्त्वाचा दुवा मात्र त्यानंतर मिळाला. निक्सन यांचे सहकारी एच. आर. हाल्डेमन यांच्या २२ ऑक्टोबर १९६८ च्या टिपणांत शेनॉल्ट यांना कामाला लावून ठेवण्याची निक्सन यांची सूचना नोंदलेली आहे. चरित्रकार जॉन फॅरेल यांना सापडलेली ही टिपणं २०१७ च्या सुरुवातीला चर्चेत आली. निक्सन यांनी मात्र आरोप शेवटपर्यंत नाकारला.

नाहीतर १९६८ मध्येच शांतता झाली असती?

तसं ठामपणे म्हणता येत नाही. बंडखोरांसोबत बसायला थियू आधीपासूनच तयार नव्हते. हम्फ्री आले तर आपला पाठिंबा कमी होईल, हा हिशेब त्यांना शेनॉल्ट यांनी सांगण्याची गरज नव्हती. अनेक इतिहासकारांच्या मते निरोप गेले नसते, तरी ते अडूनच बसले असते. चर्चा पुढे जानेवारी १९६९ मध्ये सुरू झाली, तीही टेबलाचा आकार कसा असावा यावर अनेक आठवडे घालवून.

किंमत मात्र ठाऊक आहे. या युद्धात ५८ हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक मेले. त्यातले २० हजारांहून जास्त १९६९ पासून पुढचे. त्याच काळात मेलेल्या व्हिएतनामी लोकांची संख्या यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

चार वर्षांनी पुन्हा तेच

२६ ऑक्टोबर १९७२ ला, पुढच्या निवडणुकीच्या दोन आठवडे आधी, निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांनी शांतता हाताशी आल्याचं जाहीर केलं. थियू पुन्हा अडले. निक्सन प्रचंड मतांनी जिंकले आणि डिसेंबरमध्ये उत्तर व्हिएतनामवर पुन्हा जोरदार बॉम्बहल्ले झाले. करार झाला २७ जानेवारी १९७३ ला. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं.

म्हणून निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या युद्धात शांतता जवळ आल्याची किंवा चर्चा फिसकटल्याची बातमी वाचाल, तेव्हा एवढंच बघा : मतदानापर्यंत थांबण्यात कुणाचा फायदा आहे आणि घाई करण्यात कुणाचा? १९६८ मध्ये चर्चा अडवायला कुणाला करार फाडावा लागला नाही. काही दिवस उशीर पुरेसा होता.