ऑन-कॉल ड्यूटी आणि झोप: रात्री फोन वाजला नाही तरी थकवा का येतो?

डोके जड राहते, छातीत धडधडते, ॲसिडिटी होते, चिडचिड वाढली आहे. अशा तक्रारी घेऊन आयटी क्षेत्रातले अनेक तरुण दवाखान्यात येतात. तपासण्या बहुतेक वेळा ठीक येतात. मग कामाबद्दल विचारल्यावर कळते की दर काही आठवड्यांनी त्यांचा ‘ऑन-कॉल’चा आठवडा असतो. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “पण डॉक्टर, या वेळी रात्री एकदाही फोन आला नाही. तरी एवढा थकवा कशाने?”

हा थकवा खरा आहे आणि त्यामागे शारीरिक कारण आहे. ते समजून घेतले तर अनावश्यक तपासण्या आणि झोपेच्या गोळ्या, दोन्ही टळू शकतात.

ऑन-कॉल म्हणजे नेमके काय?

घरातल्या मोठ्यांसाठी थोडे सोपे करून सांगतो. आपण वापरतो ती बँकेची, तिकिटांची, जेवण मागवण्याची ॲप दूरच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या संगणकांवर चालतात. यालाच क्लाऊड म्हणतात. हे संगणक चोवीस तास चालू असतात आणि काही बिघडले की आपोआप इशारा पाठवतात. तो इशारा, म्हणजेच अलर्ट, त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्याच्या फोनवर येतो. त्याने काही मिनिटांत लॅपटॉप उघडून दुरुस्ती सुरू करायची असते.

पूर्वी प्रोग्राम लिहिणारे आणि तो चालवणारे लोक वेगळे असत. २००९ च्या सुमारास ‘डेव्हऑप्स’ ही कार्यपद्धती पुढे आली आणि ही भिंत पाडण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यामुळे कामात सुधारणा झाली, पण अनेक ठिकाणी दिवसा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्याच उशाशी रात्रीचा फोनही आला.

पुण्या-मुंबईत यात आणखी एक भर पडते. न्यूयॉर्कमधले सकाळी ९ ते संध्याकाळी ५ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० ते मध्यरात्रीनंतर २:३०. हिवाळ्यात ते आणखी एक तास पुढे जाते. ग्राहक अमेरिकेत असेल तर त्याची कामाची वेळ ही तुमची झोपेची वेळ असते.

फोन न वाजताही झोप का बिघडते?

याचे चांगले उत्तर जहाजांवरच्या अभ्यासातून मिळाले. १९८८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी जहाजावरील इंजिनिअरांच्या झोपेची मेंदूच्या विद्युत आलेखाने नोंद घेतली. इंजिनात बिघाड झाला की त्यांच्या खोलीत अलार्म वाजत असे. पाळी असलेल्या रात्री त्यांची झोप कमी झाली, गाढ झोपेचे प्रमाण घटले आणि हृदयाचे ठोके वाढलेले राहिले. महत्त्वाचे म्हणजे, यातले काही बदल पहिला अलार्म वाजण्याच्या आधीपासूनच दिसत होते.

म्हणजे ‘कधीही उठावे लागेल’ ही अपेक्षाच मेंदूला पूर्ण विश्रांती घेऊ देत नाही. तान्ह्या बाळाच्या आईची झोप अशीच सावध असते. तास भरतात, पण झोप उथळ राहते. म्हणून फोन न आलेली रात्रही पूर्ण विश्रांतीची रात्र धरू नका.

फोन वाजलाच तर आणखी एक गोष्ट घडते. गाढ झोपेतून एकदम उठल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटे, कधी त्याहून जास्त वेळ, मेंदू मंद चालतो. या काळात निर्णय चुकू शकतात. हा आळशीपणा नव्हे.

शरीरावर काय परिणाम होतात?

• प्रौढ व्यक्तीला रोज किमान ७ तास झोप लागते. ती सतत कमी पडली तर रक्तदाब, वजन आणि रक्तातील साखर वाढण्याचा धोका असतो.
• अपुऱ्या झोपेने भूक वाढते, विशेषतः गोड आणि तळलेल्या पदार्थांची.
• जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो. हृदयाचा रक्तपुरवठा कमी होण्याच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो.
• सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते, असे १९९७ मधील एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसले. भारतात वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणून रात्रभर काम केल्यावर सकाळी दुचाकी किंवा गाडी स्वतः चालवू नका.

हा निद्रानाश आहे की ऑन-कॉलचा परिणाम?

यासाठी महागडी तपासणी लागत नाही, एक वही पुरते. ऑन-कॉलचा एक आठवडा आणि त्यानंतरचा मोकळा आठवडा अशी दोन आठवड्यांची नोंद ठेवा: किती वाजता झोपलात, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलात, दिवसा चहा-कॉफी किती झाली.

• मोकळ्या आठवड्यात दोन-तीन दिवसांत झोप पूर्ववत होत असेल, तर मुख्य कारण कामाची पाळी हेच असण्याची शक्यता जास्त.
• मोकळ्या आठवड्यातही झोप येत नसेल, आठवड्यातून ३ किंवा अधिक रात्री आणि ३ महिन्यांहून जास्त काळ हेच चालू असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश असू शकतो.
• झोप पुरेशी होऊनही दिवसा डुलक्या येत असतील आणि घरचे मोठ्या घोरण्याबद्दल सांगत असतील, तर झोपेत श्वास अडखळण्याचा आजार तपासावा लागतो.
• झोपेबरोबर कामातला रसही गेला असेल, प्रत्येक गोष्टीबद्दल कडवटपणा आला असेल आणि ‘आपल्याला काही जमत नाही’ असे वाटत असेल, तर ती बर्नआउटची लक्षणे असू शकतात. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती मानते. म्हणजे उपायाची सुरुवात कामापासूनच करावी लागते.

ऑन-कॉलच्या आठवड्यात काय करावे?

• पाळी सुरू होण्याआधीच्या दोन-तीन रात्री लवकर झोपा. झोपेचे कर्ज घेऊन पाळी सुरू करू नका.
• दुपारी ४ नंतर चहा-कॉफी टाळा. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात. रात्री २ वाजता उठलात तर पाणी प्या, कॉफी नको.
• फोन हाताच्या अंतरावर पण पालथा ठेवा. फक्त अलर्टचा आवाज चालू ठेवा, बाकी सर्व सूचना बंद.
• अलर्ट आल्यावर आधी दिवा लावा, तोंडावर पाणी मारा, दोन मिनिटे बसा आणि मगच मोठा निर्णय घ्या.
• काम संपल्यावर मेल वाचत बसू नका. मंद उजेडात थोडा वेळ बसून पुन्हा झोपा.
• दुसऱ्या दिवशी दुपारी २० ते ३० मिनिटांची डुलकी चालेल. दोन तास झोपलात तर रात्रीची झोप बिघडेल.

झोपेच्या गोळ्यांचे काय?

मित्राने सांगितलेली किंवा घरात पडून असलेली झोपेची गोळी ऑन-कॉलच्या रात्री घेऊ नका. गोळीच्या अमलाखाली उठून काम करणे धोक्याचे आहे. तोल जाणे, केलेले काम सकाळी न आठवणे असे प्रकार होऊ शकतात. काही गोळ्यांची सवयही लागते. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते. गोळी आणि दारू एकत्र कधीच नको.

घरच्यांनी काय करावे?

रात्री तीनला उठलेला माणूस सकाळी नऊपर्यंत झोपला तर त्याला आळशी म्हणू नका. कुकरची शिट्टी, दाराची बेल, कचऱ्याची गाडी हे सगळे बंद करता येणार नाही, पण खोलीचे दार आणि पडदे बंद ठेवता येतात. घरात लहान बाळ किंवा आजारी व्यक्ती असेल तर त्या आठवड्यात रात्री कोण उठणार हे आधीच ठरवा. शक्य असेल तर जोडीदाराने वेगळ्या खोलीत झोपावे. त्याचीही झोप तितकीच महत्त्वाची आहे.

ऑफिसमध्ये काय मागता येईल?

मदत मागणे म्हणजे तक्रार करणे नव्हे. गुगलच्या इंजिनिअरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तकात १२ तासांच्या पाळीत जास्तीत जास्त दोनच मोठे बिघाड हाताळावे लागावेत, असे म्हटले आहे. तुमच्या टीममध्ये या गोष्टींवर बोला:

• सकाळपर्यंत थांबू शकणारे अलर्ट रात्री फोनवर पाठवू नयेत.
• पाळीत पुरेसे लोक असावेत आणि प्रत्येक वेळी एक राखीव व्यक्ती असावी.
• रात्री काम झाले तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा असावी.

विशेष काळजी कोणी घ्यावी?

फिट्स किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांना जागरणाने त्रास उलटू शकतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे, उच्च रक्तदाब किंवा मायग्रेन असणारे आणि गर्भवती स्त्रिया यांनी रात्रीची पाळी घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. औषधांच्या वेळा स्वतःहून बदलू नयेत. पाळीत बदल हवा असेल तर डॉक्टर वैद्यकीय पत्र देऊ शकतात.

डॉक्टरांना कधी भेटावे?

• छातीत दुखणे, दम लागणे, एका बाजूचा अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणे: वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.
• वारंवार धडधड होणे, घरी मोजलेला रक्तदाब वाढलेला येणे, गाडी चालवताना डुलकी लागणे.
• मोकळ्या आठवड्यातही झोप न सुधारणे.
• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, रोज दारूची गरज भासणे.
• जगणे नकोसे वाटणे: त्याच क्षणी घरच्यांना सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास मोफत आहे.

येताना दोन आठवड्यांची वही बरोबर आणा आणि ‘मी ऑन-कॉल काम करतो’ किंवा ‘करते’ हे सुरुवातीलाच सांगा. दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपाय म्हणजे वर्तन आणि विचार बदलण्याची मार्गदर्शित थेरपी. गोळीचा विचार त्यानंतर होतो. कोणता उपाय तुम्हाला लागू आहे हे ठरवायला ती वही बऱ्याचदा रक्ततपासणीपेक्षा जास्त मदत करते.